दुसरं घमेलं

गुरुलिंग रोज संध्याकाळी गाईपुढे दोन घमेली ठेवायचा. एक त्याचं, एक महादेवीचं.

महादेवी, त्याची बायको, पुण्यात होती. मुलाला मुलगी झाली तेव्हा ती दोन महिन्यांसाठी म्हणून गेली. मग सून पुन्हा कामावर जाऊ लागली आणि नात आजीशिवाय जेवेना. बघता बघता सव्वा वर्ष झालं. कर्नाटक सीमेजवळच्या मैंदर्गी गावाबाहेर, शेतातल्या घरात गुरुलिंग आणि तांबडी गाय, एवढेच उरले. दिवसभरात त्याचं माणसांशी बोलणं एकदाच व्हायचं, सकाळी केंद्रावर दूध घालताना. बाकी जे असेल ते गाईशी, कानडीत.

जाताना महादेवी एक शब्द देऊन गेली होती. गाय व्यायला झाली की मी येते. नव्या वासराच्या कपाळाला विभूती घरच्या बाईनंच लावायची, ही तिच्या सासूपासूनची रीत. खरवसही तिच्याच हातचा.

पण तांबडी गाभण राहीना. तीनदा रेतन करून भरवली, तीनदा उलटली, पुन्हा माजावर आली. दूधही आटत चाललं होतं. जनावरांचे डॉक्टर सोमशेखर म्हणाले, "पिशवीत दोष न्हाय. अजून एकदा बघू. न्हाय राहिली तर इकून टाका, मामा."

इकून टाका. गुरुलिंग त्या दिवशी गोठ्यातच बसून राहिला. गाय गेली तर महादेवी कशासाठी येणार?

त्याच महिन्यात केंद्रावर नवीन आलेल्या शिवानीनं प्रत्येकाच्या दुधाचे नमुने छोट्या बाटल्यांत घेतले. आठवड्यानं भिंतीवर कागद लागला. गुरुलिंगच्या नावापुढे लाल गोल होता. युरिया, पंचवीस.

"काय गुरुलिंगप्पा," रांगेतला मल्लेश म्हणाला, "पिकाला घालून उरला म्हणून दुधात टाकला व्हय?"

सगळे हसले. गुरुलिंगनं कधी दुधात पाण्याचा थेंब घातला नव्हता. त्यानं रिकामी किटली उचलली आणि तो घरी आला. दोन दिवस केंद्रावर गेला नाही. दूध शेजारच्या वस्तीवर वाटून टाकलं.

तिसऱ्या दिवशी शिवानीच स्कूटीवरून आली.

"मामा, तुमी का येत न्हाय?"

"मी काय मिसळलं न्हाय, पोरी."

"मला ठाऊक हाय की! तो युरिया बाहेरचा न्हाय. गाईच्या अंगातच होतो. पेंड लई झाली आणि तिच्या जोडीला धान्य कमी पडलं, की पेंडीतलं जे वापरलं जात न्हाय त्याचा युरिया होतो. रक्तात जातो, दुधात उतरतो. बारा ते सोळा असला तर ठीक. त्याच्यावर गेला की काही गाई गाभण राहत न्हाईत. काय घालता हिला?"

गुरुलिंगनं बोट दाखवलं. "कडबा, घास. आणि संध्याकाळी ही दोन घमेली. पहिल्यापासनं दोनच."

शिवानीनं पहिल्यात हात घातला. सरकी पेंड. दुसऱ्यात घातला. सरकी पेंड.

"दोन्हीत पेंडच?"

"एक माझं, एक मालकिणीचं. ती न्हाय म्हणून तिचंबी मीच भरतो. गाईला कमी वाटाय नको."

"त्या पण पेंडच घालायच्या?"

गुरुलिंग दुसऱ्या घमेल्याकडे बघू लागला. त्याला माहीत नव्हतं. तीस वर्षं महादेवीचं घमेलं स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं यायचं. त्यानं एकदाही त्यात डोकावून पाहिलं नव्हतं.

त्यानं फोन लावला.

"ऊट आयता, री?" महादेवीनं आधी तेच विचारलं. जेवलात का?

"झालं," तो म्हणाला. झालं नव्हतं. "तुझ्या घमेल्यात काय असायचं?"

"माझ्या? जोंधळ्याचा भरडा की. पाखडताना निघालेली कणी, उरलेल्या भाकरी, सगळं भिजवून. का?"

"मी पेंड घालत होतो."

"अय्यो! सव्वा वर्ष?" ती खळखळून हसली. मग हसणं थांबलं. "भाकरी उरत न्हाईत व्हय आता?"

"एकच करतो."

पलीकडे नात काहीतरी मागत होती.

"किती घालायचीस?" त्यानं विचारलं.

"पाच ओंजळी. माझ्या. तुमच्या तीन बास."

शिवानीनं कागदावर लिहून दिलं. पेंड निम्मी, भरडा रोज. "हेच कारण असंल असं छातीठोक सांगत न्हाय, मामा. पण करून बघा."

गुरुलिंगनं जोंधळा भरडून आणला. रोज तीन ओंजळी भिजवू लागला. तीन आठवड्यांनी शिवानीनं पुन्हा बाटली भरून नेली. पंधरा. मल्लेशनं कागद वाचला आणि आपली किटली उचलून तो रांगेत पुढे सरकला. गाय माजावर आली तेव्हा सोमशेखरांनी चौथ्यांदा भरवली. वीस दिवस गेले, चाळीस गेले. उलटली नाही. अडीच महिन्यांनी त्यांनी आत हात घालून तपासलं. त्यांचा हात बाहेर येईपर्यंत गुरुलिंग गाईची शिंगं धरून उभा होता.

"राहिली, मामा."

संध्याकाळी त्यानं पुण्याला फोन केला. "राहिली."

महादेवीनं पुटपुटत महिने मोजले. "वासरू भाद्रपदात येईल मग."

"व्हय."

"येते की. पण आठच दिवस हं, री. ही माझ्याबिगर जेवत न्हाय."

भाद्रपदाला अजून सात महिने होते.

"आठ दिवस बक्कळ झाले," तो म्हणाला.

फोन ठेवून तो गोठ्यात आला. पेंडीचं घमेलं भरलं. दुसऱ्यात भरड्याच्या तीन ओंजळी टाकल्या. गाईनं मान पुढे केली. त्यानं घमेलं मागे ओढलं आणि सगळा भरडा पुन्हा बादलीत ओतला. मग तळहात जवळ घेतले, बोटं आवळली, महादेवीच्या ओंजळीएवढी ओंजळ केली, आणि मोजून पाच घातल्या.