अण्णांचा लांबचा रस्ता

जवळचा रस्ता सोडून सोलापुरातले बाकी सगळे रस्ते पाठ असलेला माणूस एकच, तो म्हणजे आमच्या समोर राहणारे अण्णा. पहिलं महायुद्ध संपून दहाएक वर्षं झाली होती, मी मराठी शाळेत होतो. अण्णांच्या दारापासून मंडई दोन गल्ल्यांवर. पण मध्ये शिंदीच्या दारूचा गुत्ता होता, म्हणून ते तलावाला वळसा घालून भाजी आणायला जात. सख्ख्या भाचीच्या लग्नाला निघाले तर वाटेत नवाच गुत्ता दिसला, आणि वळसे घेत पोचेपर्यंत वरात निघून गेली होती.

तरुणपणी अण्णांची टोळी होती. कमरेला सुरा आणि पोटात शिंदी. एका मारामारीपायी तुरुंगात गेले, तिथं सतरंज्या विणायला शिकले, आणि सुटल्यावर घरात दोन हातमाग मांडून पेठेतली वाया चाललेली पोरं धरून आणू लागले. त्यांचं शास्त्र सरळ होतं: दोन्ही हात मागात गुंतले, पाय मागाखालच्या खड्ड्यात पावड्या दाबत राहिले, की मारामारी करायची कशानं? तरी एकदा दोघांनी बसल्या जागी एकमेकांवर थुंकून भांडण चालवलंच. अण्णांनी दोघांच्या तोंडात फुटाणे कोंबले. शिंदीची तल्लफ आली की स्वतःही ते फुटाणेच खात, आणि तल्लफ दांडगी असली की शेरभर.

माझा थोरला भाऊ सोळाव्या वर्षी गुत्त्यावरच्या टोळक्यात बसू लागला. एका दुपारी आई रडत अण्णांकडे गेली, आणि त्या दिवशी अण्णा पहिल्यांदा जवळच्या रस्त्यानं निघाले. मी मागोमाग. गुत्त्यात त्यांच्या जुन्या साथीदारांनी हसत हसत भरलेला पेला त्यांच्या हातात दिला. अण्णांनी तो घेतला. ओठांपाशी नेला. दादाला फरफटत न्यायला आलेले अण्णा त्याच्याकडं बघून हळूच म्हणाले, "मला हितनं घरी ने, बाळा. एकट्याला जमायचं न्हाय."

दादानं पेला काढून खाली ठेवला आणि त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. दुसऱ्या दिवसापासून तो मागावर बसू लागला.

अण्णांनी पुढं कितीतरी पोरं मार्गाला लावली, पण त्यांत दादाला कधी धरलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "त्याला म्या कुटं आणलं? त्यानं मला आणलं की." दादा अशा वेळी मान वर करत नसे.

अण्णा गेले तेव्हा खांदा द्यायला ही सगळी पोरं जमली होती. दादानं मात्र स्मशानापर्यंत आपला खांदा कुणाला बदलू दिला नाही.