मापअप्पा आणि कनकम्मेची पडी

मापअप्पा दुकानात शिरले की दुकानदार घाबरायच्या आधी त्यांना बसायला चौरंग पुढे करत, इतका तो माणूस दमलेला दिसे. खांदे उतरलेले, डोळ्यांखाली दोन पिशव्या, आणि हातात तिसरी, कापडी, जड. बसून लोटाभर पाणी पिऊन ते म्हणत, "बरं, काढा." मग मात्र दुकानदाराचा चेहरा उतरे. कारण काढायची असत दुकानातली मापं, आणि पिशवीतून निघत सरकारची पितळी.

ते माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. तंजावूरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत तीन घरं सोडून राहत. गोऱ्यांच्या राज्यात ते वजन-मापांचे इन्स्पेक्टर होते. व्यापाऱ्यांची मापं दरवर्षी तपासायची, बरोबर असली तर मुद्रा मारायची, खोटी असली तर जप्त करायची, हे त्यांचं काम. खात्यानं शिपाई दिला होता. पण शिपाई पुढे निघाला की खोट्या पड्या मागच्या दारानं विहिरीत जातात आणि खऱ्या पुढच्या दारात येऊन बसतात, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं. तेव्हापासून शिपायाला कचेरीत बसवून ते पिशवी स्वतःच वाहत. "शिपाई सरकारचा, पाय माझे," म्हणत.

गल्लीतल्या बायकांचं त्यांच्याशी कधी पटलं नाही. पडी म्हणजे तांदूळ मोजायचं माप. तांदूळवाला पहिल्या पडीला एक म्हणत नाही, "लाभम्" म्हणतो, आणि आम्हांला त्या लाभावर शीग हवी असते. शिवाय वर कोसुरु, जाता जाता टाकलेली ती फुकटची मूठ. मापअप्पांचा कायदा म्हणे, पट्टी फिरवा, कडेशी सपाट करा, तेवढंच माप. "कडेपर्यंत माझं गे, कडेच्या वर तुमचं आणि त्याचं," ते सासूबाईंना सांगत. "पण शीग फार मोठी दिसली की पडीत हात घालून बघावं." सासूबाईंनी बघितलं. तांदूळवाल्याच्या पडीचा तळ अंगठाभर वर ठोकलेला निघाला. मापअप्पांनी ती पडी नेली, त्यानं नवी आणली. आभार मानायचं सोडून सासूबाई महिनाभर कुरकुरत होत्या, "ह्यांच्यामुळे मेला आता शीगसुद्धा देईना."

मोठ्यांच्या वाटेला ते गेले नाहीत असं नाही. पापनाशम गावाबाहेरच्या भातगिरणीच्या मापात त्यांनी एकदा खोट धरली होती. तो कागद तीन वर्षं फिरून परत आला, तेव्हा त्यावर एकच शेरा होता: तारीख चुकीच्या रकान्यात लिहिली आहे. मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"बरोबर रकान्यात लिहिली."

"आणि?"

"फिरतोय की अजून."

म्हणून ते सगळ्यांना एकच विनवत, तक्रार असेल तर तोंडानं सांगा, लिहू नका. तोंडची तक्रार चार शिव्या देऊन मिटते. कागदाला नंबर पडला की तो मिटत नाही.

आता माझ्याकडे यावं लागेल, इलाज नाही. मी तेव्हा सतरा वर्षांची, मिशनच्या शाळेत शिकलेली, लग्न होऊन सहा महिने झालेली. सासरी माझ्याएवढं इंग्रजी कुणाला येत नव्हतं, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये याची मी काळजी घेत असे. वर्तमानपत्र हातात धरून मी भाजी निवडायची. वाचत नव्हते, नुसतं धरायची.

आमच्या घरी कोठीत एक पितळी पडी होती, राजाच्या अमदानीतली. बाजारातून काहीही आणा, त्या पडीत ते कमीच भरे. त्यामुळे तंजावूरचा सगळा बाजार चोर आहे यावर आमच्या घरात दोन पिढ्यांचं एकमत होतं. सगळा बाजार चोर असण्यापेक्षा आपली एक पडी मोठी असणं सोपं आहे, हे दोन पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. शिकलेल्या सुनेच्याही नाही.

कनकम्मा पापनाशमहून गाडीनं यायची. डोक्यावर हातसडीच्या तांदळाची टोपली, वर तिची काळी पडलेली पडी. नवरा होता, पण बसून खाणारा. दोन मुलींची तोंडं ह्या टोपलीवर. ती आमच्या ओट्यावर बसून पाय चोळायची, सासूबाईंशी सुखदुःखाचं बोलायची आणि मग मोजायची. एक दिवस मी तिच्यासमोर आमची पडी आणून ठेवली आणि तिचे तांदूळ ओतले. दोन बोटं कमी!

"काय गे हे?" मी कंबरेवर हात ठेवून म्हटलं.

कनकम्मा हसली. "अम्मा, तुमची पडी राजाच्या घरची. तिचं पोट मोठं."

खरं काय ते तिनं मला तिथल्या तिथे फुकट सांगितलं होतं. मला तो उद्धटपणा वाटला. मी त्याच दुपारी इंग्रजीत तक्रार लिहिली. मापअप्पांकडे दिली असती तर त्यांनी घडी करून कानामागे ठेवली असती, हे ठाऊक होतं म्हणून सरळ वरच्या साहेबाच्या नावानं टपालात टाकली. शेवटी सही केली ती अशी लफ्फेदार की, आज आठवली तरी मी आपली मान खाली घालते.

दोन आठवड्यांनी मापअप्पा आमच्या ओट्यावर आले. हातात माझा कागद, त्यावर नंबर. कनकम्मा टोपली उतरवतच होती. त्यांनी सरकारी पडीत पाणी भरलं, वर काचेची पट्टी सरकवली, आणि ते पाणी तिच्या पडीत ओतलं. काठोकाठ. वर चमचाभर आणखी मावलं. मग आमच्या पडीत ओतलं, तर दोन बोटं रिकामी.

"ही कुठली गे?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"राजाच्या कोठीची," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

मापअप्पा हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. मग सवयीनं त्यांनी कनकम्मेची पडी उलटी केली, आणि हसू गेलं. बुडाशी मुद्रा होती, पण दोन वर्षांपूर्वीची.

"सामी, तुम्ही पापनाशमला मुद्रा मारायला बसता त्या दिवशी मी इकडे असते," कनकम्मा म्हणाली. "टोपली घेऊन दोन ठिकाणी कशी असू?"

ते बराच वेळ पडी हातात फिरवत राहिले. मी हळूच म्हटलं, "तुम्ही मुद्रा बघितलीच नाही असं नाही का होणार?"

"तुझ्याच कागदावर हुकूम आहे, माप आणि मुद्रा दोन्ही तपासून कळवावं. न बघितलेलं कसं लिहू?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. "गिरणीचा कागद चालतो गे, कनकम्मेचा धावतो."

त्यांनी पावती लिहिली आणि पडी पिशवीत टाकली. कनकम्मा म्हणाली, "उद्या कशानं मोजू, सामी?" ती न मोजलेले तांदूळ डोक्यावर घेऊन स्टेशनकडे गेली.

तिची सुनावणी ठरली तेव्हा मापअप्पा मला म्हणाले, "तू ये. ‘माप पुरं होतं, चूक माझी,’ एवढं साहेबापुढे तोंडानं सांग. कदाचित पडी परत देईल." सासूबाई कडाडल्या, "आमच्या घरची सून कचेरीची पायरी चढणार? लोक काय म्हणतील?" मी दारामागे उभी होते. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू? एवढं इंग्रजी येणारी मी, पण 'मी जाणार' हे दोन मराठी शब्द तोंडातून निघाले नाहीत.

मापअप्पांनी अहवालात जमेल तेवढं लिहिलं. साहेबानं मुद्रेचा रकाना वाचला, दंड केला आणि पडीत छिन्नी घालून ती निकामी करायला सांगितलं. ती छिन्नी मारायचं कामही मापअप्पांचंच होतं.

कनकम्मा आमच्या गल्लीत पुन्हा आली नाही. महिन्यानं मापअप्पा पापनाशमला जाऊन आले. मी पाणी दिलं आणि विचारलं, "भेटली?"

"भेटली. भातगिरणीत कोंडा चाळते. मुलींनाही तिथेच लावलंय."

"त्या गिरणीत? ती तारखेच्या रकान्याची?"

"तीच."

"नवी पडी का घेत नाही?"

"म्हणाली, सामी, तिला पण दरवर्षी मुद्रा लागणार. मुद्रेच्या दिवशी मी कुठल्या गावात असेन, मला काय ठाऊक?" त्यांनी लोटा खाली ठेवला. "मी म्हटलं, मी तुझ्या दारात येऊन मारतो. तर म्हणाली, तुम्ही नका येऊ."

"माझ्याबद्दल काही बोलली?"

ते खोटं बोलू शकले असते. "नाही. तुझं नावही काढलं नाही."

त्यानंतर ते बाजारात जात राहिले, पण चौरंगावर बसले की लवकर उठत नसत. एका सकाळी ते आमच्याकडे कोरा कागद घेऊन आले. नोकरीची दोन वर्षं उरली होती. "मुदतीआधी मोकळं करा असा अर्ज लिहून दे. माझे कागद फिरतात, तुझा पोचतो." बोलण्यात टोमणा नव्हता. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी दौत पुढे सरकवली. मी लिहिला. एवढी जपून मी आयुष्यात दुसरी गोष्ट लिहिली नाही. प्रकृती, वय, तीस वर्षांची चाकरी, सगळं बरोबर रकान्यात.

आठव्या दिवशी मंजुरी आली. मापअप्पा ती घेऊन आमच्या ओट्यावर बसले, पुढून वाचली, उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"इतक्या लवकर?" ते म्हणाले. "का जातोस, एवढं तरी कुणी विचारायला हवं होतं, नाही गे?"