गांगुर्डे सर खुर्चीतून उठले तो तास

गांगुर्डे सरांना भर वर्गात कोयत्याने तोडलं.
मी समोर होते. समोर म्हणजे स्क्रीनवर. ते देवळ्यात, मी नाशिकला.

आज वर्ष झालं. आजही कुणीतरी इनबॉक्समध्ये विचारलं, "मॅडम, ती क्लिप आहे का?"
असती तर तुझ्या तोंडावर फेकून मारली असती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दोन कॉलेजांत आमचे पाली भाषेचे दोन विभाग. तिकडे एकटे सर, इकडे एकटी मी, आणि पोरं ओंजळीत मावतील एवढी. दोन्ही बंद पडायची वेळ आली तेव्हा सरांनीच फोन केला.

"मॅडम, तुमची पोरं मी शिकवतो, माझी तुम्ही शिकवा. नेटवर. बंद पडण्यापरीस बरं."

व्याकरण सरांचं, इतिहास माझा.

नेटचा आनंदच होता. म्हणून आमचा नियम होता, ज्याचं चित्र अडकेल त्याचा तास दुसऱ्याने तिथूनच पुढे न्यायचा.
"मॅडम, तुमचं नाशिक अडकलं," हे सर इतक्या खुशीत म्हणायचे की विचारू नका.

सर कधी खुर्चीतून उठायचे नाहीत. मी चिडवायचे, "सर, खुर्ची सुटत नाही वाटतं?"
"मास्तरची खुर्ची हे मॅडम, पुढाऱ्याची नाय. राहू द्या."

त्या दिवशी सरांच्या पाठीमागचं दार उघडलं. आमच्या एका विद्यार्थिनीचा नवरा. ती त्याचं घर सोडून एम.ए. करत होती, आणि देवळ्याच्या त्याच खोलीत सरांसमोर बसली होती.
हातात कोयता.

"वर्ग चालू हे. बाहेर थांब."
"मन्ही बायको शे ती."
"इथं ती माझी विद्यार्थिनी हे."

आणि सर उठले.
इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा कमरेखाली पाहिलं. एक पाय पोलिओने वाळलेला. मांडी हाताने दाबत, टेबल धरत ते दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

पहिला घाव हातावर. बोटं टेबलावर पडली.
दुसरा खांद्यात. रक्त कॅमेऱ्यावर उडालं.
तिसऱ्यासाठी कोयता वर गेला आणि चित्र थांबलं.

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "सर, तुम्ही अडकलात."

मग नुसता आवाज येत राहिला. तो मी लिहिणार नाही.

सर गेले. ती वाचली. पोरांनी त्याच्या अंगावर बाकं टाकली, खाली पाडला, तुडवला. माझ्या मते कमीच तुडवला.

नंतर शहाणे लोक म्हणाले, नवरा-बायकोच्या भानगडीत मास्तरने पडायचंच कशाला? तुम्ही कुणी पडत नाही म्हणून पडले ते. माझा राग अजून गेलेला नाही आणि जाऊही नये.

ती एम.ए. झाली. आता देवळ्याची खोली तीच उघडते, कॅमेरा तीच लावते. नव्या पोरांना व्याकरण मी शिकवते, चुकतमाकत.

बसा आता, सर.
तुमचा तास मी पुढे नेतेय.