मच्छिंद्रचा कान

मच्छिंद्र पिसाळ मारकुटा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे त्याच्याबद्दल दोन-चार चांगल्या गोष्टी येतील, त्या वाचून कुणी त्याला देवमाणूस समजू नये. स्वतःच्या लग्नाच्या मांडवात त्यानं मेव्हण्याचा दात पाडला होता. कतारमध्ये दोह्याला आल्यावर चार वर्षांत तीन खोल्या बदलल्या, त्या तिन्ही मारामारीपायी. राग त्याच्या नाकावर असतो असं लोक म्हणत, पण ते खरं नव्हतं. राग त्याच्या हातात असायचा. तोंड उघडायच्या आधी हात उठायचा.

कान मात्र देवानं दिला होता. खडकीच्या सॅपर पलटणीत असताना त्याच्याकडे सुरुंग शोधायचं यंत्र असे. कानाला टोप्या, हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ताटाएवढी चकती. जमिनीखाली लोखंड असलं की टोपीत आवाज येई. इतरांना नुसताच आवाज. मच्छिंद्र मात्र सांगे, हा खिळा, हा डबा, ही काडतुसाची पुंगळी. एकाहत्तरच्या लढाईनंतर सरहद्दीवरची शेतं मोकळी करताना त्यानं किती सुरुंग काढले याची मोजदाद नाही. चुकला एकदाच. त्यानं ‘साफ’ म्हटलं, आणि मागून येणाऱ्या संपतनं, त्याच्या जोडीदारानं, त्याच जागी गुडघा टेकला. सुरुंग प्लास्टिकचा होता, लोखंड त्यात नखाएवढं. संपतचा पाय उडून बाभळीत अडकला, तो मच्छिंद्रनंच काढून आणला. संपत दुपारपर्यंत जगला, आणि जगला तेवढा वेळ मच्छिंद्रला आईवरून शिव्या देत राहिला.

पलटणीतून सुटल्यावर सत्त्याहत्तर साली तो कतारला आला, तो याच कानाच्या जोरावर. कंपनी रस्ते खोदायची, आणि खोदण्याआधी खालच्या केबली नि पाइप कुठून जातात ते मच्छिंद्र यंत्रानं शोधून चुन्याच्या रेघा मारायचा. त्याला साइटवर पोचवायचं काम जहूर चौगुल्याचं. जहूर दाभोळचा, पिकअपचा ड्रायव्हर, हसरा आणि वात्रट. दोघं दोह्यातल्या अल मुंतझा वस्तीत एकाच खोलीत राहत, आणखी चौघांबरोबर. मच्छिंद्रला ‘सुरुंगवाले’ म्हणून चिडवायची हिंमत फक्त जहूरमध्ये होती. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याची बत्तिशी हातात आली असती. जहूरनं म्हटलं की मच्छिंद्र मान खाली घालून हसायचा. त्याला जगात एवढा एकच माणूस मिळाला होता.

कंपनीचा सर्व्हेअर बर्डेट नावाचा इंग्रज होता. त्याला जुनी नाणी जमवायचं वेड. विलायतेहून त्यानं स्वतःचं यंत्र मागवलं होतं, पण कान दगडाचा. मग दर शुक्रवारी मच्छिंद्र आणि जहूर यांना घेऊन तो पश्चिमेच्या किनाऱ्याकडे जाऊ लागला. तिथं दुसऱ्या महायुद्धात गोऱ्या शिपायांची छावणी होती म्हणे. आता उरले होते चार सिमेंटचे कट्टे, एक पडकी टाकी आणि सगळीकडे वारा. वाळूत मात्र माल होता. गणवेशाची बटणं, पट्ट्यांची बक्कलं, पुंगळ्या, आणि आपले रुपये. अगदी राणीछापसुद्धा. पूर्वी इथं आपलाच रुपया चालायचा. वाळूतून पहिला राणीछाप निघाला तेव्हा जहूर तो शर्टाला पुसून म्हणाला, “माझ्या आजीच्या गळ्यात असले अकरा होते. ही बया पोचली तरी कुठं कुठं!”

माळरानावर नियम मच्छिंद्रचा चाले. यंत्रवाला आवाज ऐकणार. मग तोच पोटावर पालथा पडून टोकदार सळई तिरपी, हळूहळू खुपसत जाणार. तो ‘खोदा’ म्हणेपर्यंत कुदळ उचलायची नाही. बर्डेटला हे सगळं नाटक वाटायचं. बटणांसाठी एवढा सोहळा कशाला! पण माल मिळत होता, म्हणून तो गप्प बसायचा.

एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीतला तो शुक्रवार. टाकीपासून थोड्या अंतरावर यंत्र बोललं आणि मच्छिंद्र जागच्या जागी थिजला. आवाज रुंद होता, जड, आणि कडेला येऊन एकदम तुटणारा. असा आवाज त्यानं सरहद्दीवर ऐकला होता. त्यानं टोप्या काढल्या आणि हात आडवा धरला.

“मागं व्हा. खाली दारूगोळा हाय.”

बर्डेटनं टोप्या घेऊन स्वतः ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले. “पॉट! पॉट है, मॅन! पैसे का पॉट! यल्ला, चलो, खोदो!”

“साब, नहीं. पहले मैं सळई डालेगा.”

“यू अँड युअर बॉम्ब्स!” बर्डेट हसला. त्यानं जहूरकडे पाहून कुदळीकडे बोट केलं. “जहूर, खोदो.”

जहूर साहेबाचा ड्रायव्हर. शिवाय दुपार झाली होती, पोटात कावळे ओरडत होते. त्यानं मच्छिंद्रला डोळा मारला. “सुरुंगवाले, रोज तुझा सुरुंग असतो आणि रोज बटण निघतो. हो बाजूला.” आणि त्यानं कुदळ डोक्यावर उचलली.

मच्छिंद्रच्या हाताला फावडं लागलं. त्यानं दांडा फिरवला तो जहूरच्या उजव्या मनगटावर. लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. कुदळ मागे पडली, जहूर किंचाळला आणि गुडघ्यांवर बसला. इथं थांबला असता तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण हात थांबेना. “सांगितलं व्हतं न्हवं! सांगितलं व्हतं न्हवं!” असं ओरडत तो मारत राहिला. दंडावर, कोपरावर, पाठीवर. जहूरनं तोंडापुढे धरलेल्या त्याच हातावर पुन्हा. बर्डेट ओरडत पिकअपकडे पळाला. पाचव्या की सहाव्या फटक्याला फावड्याचा दांडा फाटला, म्हणून मारणं थांबलं. जहूरची शुद्ध गेली होती. कोपरातून पांढरं हाड बाहेर आलं होतं आणि त्याभोवतीची वाळू काळी होत होती.

मच्छिंद्रनं त्याला उचललं, पिकअपमध्ये टाकलं आणि साहेबाला गाडी दोनशे पावलं लांब न्यायला लावली. खरं तर तसंच इस्पितळात जायला हवं होतं. पण उघडा सुरुंग मागे टाकून जायचं नाही, हे त्याच्या डोक्यात पलटणीनं असं ठोकून बसवलं होतं की जोडीदाराचं रक्त दिसत असतानाही तो परत फिरला. पोटावर पडला. सळई घातली. बोटांनी वाळू बाजूला केली, एकेक मूठ. घाम डोळ्यांत जात होता, हात मात्र दगडासारखा स्थिर. पाऊण तास लागला. खाली होती लोखंडाची झाकणाची डेगची, शिपायांच्या भटारखान्यातली. झाकण गंजून बसलं होतं. आत चांदीचे रुपये.

त्यानं डेगची साहेबाच्या पायाशी आदळली आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणावर हात न टाकता नुसता उभा राहिला.

इस्पितळात बर्डेटनं सांगितलं की ड्रायव्हर गाडीच्या टपावरून पडला. साहेबाला सरकारी भानगड नको होती. डेगची त्याच्या बंगल्यावर गेली. जहूरनंही तेच सांगितलं, टपावरून पडलो. मच्छिंद्रला वाटलं, त्यानं आपल्याला वाचवलं. वाचवलंच होतं. पण त्यानंतर जहूर त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

हात वाचला, पण कामाचा राहिला नाही. कोपर वाकेना, बोटं मिटेनात. गिअर टाकता येत नाही अशा ड्रायव्हरचं कंपनी काय करणार? दोन महिन्यांनी घरी पाठवायचं ठरलं. खोलीत मात्र एकच चर्चा. सुरेश नावाचा कऱ्हाडकडचा सुतार एक दिवस जेवताना बोलून गेला, “डेगचीवर डोळा व्हता त्येचा. म्हणून मित्राचा हात मोडला. सुरुंग कसला न् काय कसला!” मच्छिंद्रनं ताट भिंतीवर फेकलं आणि सुरेशला केसाला धरून दारापर्यंत फरफटत नेलं. त्याचं डोकं चौकटीवर आपटलं, पुन्हा आपटलं. तिघांनी मिळून सोडवला. सुरेशच्या भुवईला सहा टाके पडले. पण त्यानं सिद्ध काय झालं? उलट खोलीची खात्रीच पटली.

जहूर कॉटवर बसून बघत होता. मच्छिंद्र धापा टाकत त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. “तू सांग ह्यांस्नी. तू सांग, मी पैशापायी मारलं व्हय?”

जहूरनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मच्छिंद्रला सगळी दुनिया चोर म्हणाली असती तर चाललं असतं. त्यानं एकेकाला बडवून काढलं असतं आणि विसरला असता. पण जहूरला तसं वाटावं, हे त्याला सहन होईना. सकाळी तो जहूरच्या शर्टाची बटणं लावायला जाई, जहूर ती डाव्या हातानं उघडून सुरेशकडून लावून घेई. ज्याच्या भुवईला टाके घातले होते त्याच सुरेशकडून! मच्छिंद्रनं देवाची, आईची, पोराची शपथ घेतली. जहूर डाव्या हातानं भात कालवत राहिला. जायची तारीख जवळ आली, नि मच्छिंद्रची झोप उडाली. हा माणूस आपल्याला चोर समजून विमानात बसणार.

आणि जायच्या चार दिवस आधी, दुपारी, यार्डात बातमी आली. पाण्याचा एक टँकर पश्चिमेच्या त्या जुन्या छावणीतून आडवाटेनं चालला होता. पडक्या टाकीजवळ चाक खचलं, ड्रायव्हर खाली उतरून खोदायला लागला, आणि खाली गोळा फुटला. जुना, लढाईच्या काळातला. ड्रायव्हरच्या चिंध्या झाल्या. पोलिसांनी सगळा माळ बंद केला, आणखी दोन गोळे सापडले. फोरमननं जागा सांगितली ती त्या डेगचीच्या खड्ड्यापासून चाळीस पावलांवर.

मच्छिंद्रनं हातातलं यंत्र तिथंच टाकलं. यार्डापासून अल मुंतझा दोन मैल तरी असेल, तो उन्हात पळत सुटला. वाटेत एका गाडीला आडवा गेला, त्या गाडीवाल्यानं शिव्या घातल्या, त्यालाही तो हसला. जिना चढताना त्याचा पाय घसरला, नडगी फुटली, कळलंही नाही. खोलीत जहूर एकटाच होता, ट्रंक उघडून बसलेला.

“गोळा निघाला!” मच्छिंद्र दारातूनच ओरडला. त्याचं तोंड कानापर्यंत फाकलं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “टाकीपाशी! चाळीस पावलांवर! टँकर उडाला! ड्रायव्हर गेला, जागच्या जागी! बघ! मी म्हणत न्हवतो? व्हता का न्हाई सुरुंग? बघ आता, बघ!” आणि त्यानं आनंदानं कॉटवर मूठ हाणली.

जहूरनं मान वर केली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं मच्छिंद्रच्या तोंडाकडे सरळ पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिला.

“डायवर कोण होता?” त्यानं विचारलं.

“काय?”

“मेला तो. नाव काय त्याचा? कुठला?”

मच्छिंद्रचं हसू अजून तोंडावरच होतं, ते उतरायला वेळ लागला. “इचारलं न्हाई,” तो म्हणाला.

“नाय विचारलंस.” जहूरनं मोडका हात मांडीवर घेतला. “तुझं खरं होतं, मच्छिंद्र. तू पैशासाठी नाय मारलंस. मला ते त्याच दिवशी ठाव होतं.”

“मग? मग दोन म्हयनं बोलला का न्हाईस?”

“पयला फटका तू मला वाचवायला मारलास. हाडाचा तुकडा झाला तरी मी त्याचे उपकार मानीन. पण बाकीचे? कुदळ पडली होती. मी खाली बसलो होतो. बाकीचे कशासाठी ते मी विचारत होतो स्वतःला. आता तुझा तोंड बघितला आणि कळला.” त्यानं डाव्या हातानं ट्रंकेचं झाकण लावलं. “एक डायवर मेलाय, आणि तू नाचत आलास. जा बाबा. खलास.”

मच्छिंद्रचा हात उठला. खरोखरच उठला, सवयीनं, खांद्यापर्यंत. जहूर हलला नाही, त्यानं फक्त डोळे मिटून घेतले. ते मिटलेले डोळे पाहून मच्छिंद्रनं आपलाच हात दुसऱ्या हातानं धरून खाली आणला आणि तो जिना उतरून गेला.

पुढचे तीन दिवस तो कामावर गेला नाही. टँकर कुणाचा होता ते शोधत तो यार्ड-यार्ड फिरला. हाकलणाऱ्यांच्या तो हातापाया पडला, आणि एका पहारेकऱ्याचा धक्का खाऊन गप्प राहिला. शेवटी सूक वाकिफच्या जुन्या बाजाराजवळ बलुची हमाल बसतात तिथं त्याला कळलं. रहीमदाद. मकरानचा. वय एकतीस, घरी तीन मुली. हमालांनी त्याला त्याचा फोटोही दाखवला, टँकरच्या बोनेटला टेकून उभा असलेला.

नाव विसरू नये म्हणून वाटभर ते घोकत तो खोलीवर आला. जहूरच्या कॉटची गादी गुंडाळून ठेवली होती. तिकीट एक दिवस आधीचं मिळालं, असं सुरेशनं दाराआडूनच, अंतर राखून सांगितलं.