गाडीखालच्या मालतीवहिनी

मालतीवहिनींची पहिली ओळख झाली ती त्यांच्या पायांशी. साठ सालच्या आसपास शहापूरला डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून मी रुजू व्हायला गेलो, तेव्हा अंगणात एक भलीमोठी अमेरिकन गाडी उभी होती आणि तिच्याखालून जोडवी घातलेली दोन पावलं बाहेर आली होती. मी थबकलो. खालून आवाज आला, "कोण हाय? ते घमेलं जरा आत सरकवा हो." मी मुकाट्यानं घमेलं सरकवलं. डॉक्टरांची मंडळी त्या याच, हे मला त्या तोंडावरचं तेल पुसत बाहेर आल्यावर कळलं.

लहानपणीच्या तापात डॉक्टरांचा डावा पाय गेला होता. कुबडी घेऊन ते चालत, पण क्लच दाबणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मुंबईच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी आपली जुनी गाडी विकायला काढली, तिचे गिअर आपोआप पडत. क्लच नव्हताच. डॉक्टरांनी ती घेतली आणि त्यांना जणू पंख फुटले. सापगाव, धसई, पार टोकावड्यापर्यंत ते पेशंट बघायला जाऊ लागले. पण त्या गिअरचं लाल, पातळ तेल ठरावीक काळानं बदलावं लागे, नाहीतर गाडी चढावर नुसती गुरगुरायची. आसपासचे मिस्त्री तिला हात लावायला भीत, आणि डॉक्टरांना गाडीखाली शिरता येत नव्हतं. म्हणून वहिनी शिरल्या.

वहिनी धसईच्या शेतकऱ्याची लेक. बोलणं अखेरपर्यंत माहेरचंच राहिलं. तेल बदलायच्या दिवशी डॉक्टर सापगावपर्यंत चक्कर मारून गाडी गरम करून आणत, म्हणजे तेल सुटं होई. पुढची चाकं लाकडी ओंडक्यांवर चढवायची, मागच्यांना दगड लावायचे, की वहिनी नऊवारीचा काष्टा घट्ट करून आत. डॉक्टर शेजारी खुर्ची टाकून गाडीचं इंग्रजी पुस्तक मांडीवर घेत आणि मराठी करून एकेक ओळ वाचून दाखवत.

"बोल्ट समोरासमोरचे आवळायचे, मालती. ओळीनं नाही."

"पुस्तकाला सांगा, हितं हात पोचत नाय."

"पुस्तक म्हणतं, पोचतो."

"मग त्यालाच पाठवा खाली!"

दोघं हसत. मूलबाळ नव्हतं. त्या अंगणातल्या हसण्याइतकं सुखी घर मी फार थोडं पाहिलं आहे.

गावातल्या बायका नावं ठेवत. डॉक्टरची बायको चिखलात लोळते, म्हणत. एकीनं तोंडावर विचारलं तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाल्या, "हे जाणार पेशंटकडं, गाडी नेणार ह्यांना, नि गाडी चालणार तेलावर. मग मी नाय शिरायचं तर कुणी?" त्या बाईच्या सुनेचं बाळंतपण डॉक्टरांनी त्याच गाडीनं जाऊन केलं होतं.

डॉक्टर त्यांना म्हणत, "तूही चालवायला शीक." त्या अंगणातल्या अंगणात गाडी पुढंमागं घेत, त्यापलीकडं नाही. "रस्ता तुमचा," म्हणत.

एका वर्षी श्रावणात तेल बदलायचं निघालं. दुपारी पाऊस उघडला होता. वहिनींनी जुनं तेल काढलं, चेंबर, म्हणजे गिअरखालचं तेलाचं भांडं, उतरवून पुसला, नवं पॅकिंग बसवलं. मी दवाखान्याच्या दारात बाटल्या धूत होतो. डॉक्टरांचं वाचणं ऐकू येत होतं, ते थांबलं.

"पुढं काय?" वहिनींनी खालून विचारलं. मग पुन्हा, "अहो, पुढचं वाचा ना."

मी वळून पाहिलं. डॉक्टर छातीवर मूठ दाबून बसले होते आणि घामानं सदरा भिजला होता.

त्यांनीच सांगितलेलं इंजेक्शन मी दिलं. "ठाण्याला न्यायला हवं," एवढं ते बोलले. गावात दुसरी मोटार नव्हती. शेजारचे गृहस्थ हमरस्त्यावर ट्रक थांबवायला धावले. वहिनींनी नवऱ्याच्या कपाळावरून एकदा हात फिरवला आणि त्या परत गाडीखाली गेल्या. चेंबर चढवला, बोल्ट आवळले, नरसाळं लावून नवं तेल ओतलं. ओठ तेवढे सारखे हलत होते. ट्रक काही आला नाही. आम्ही डॉक्टरांना पुढच्या सीटवर बसवलं, मी मागं बसून त्यांचे खांदे धरले, आणि वहिनींनी गाडी रस्त्यावर काढली.

भरधाव नेली त्यांनी. समोरून ट्रक आला तरी वेग कमी केला नाही. डॉक्टरांचं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं होतं. पडघ्याच्या अलीकडे माझ्या हाताखालचे खांदे सैल पडले. मी नाडी पाहिली. "वहिनी," म्हटलं.

"कळलं मला," त्या म्हणाल्या. तरी बराच वेळ गाडी तशीच पळत राहिली. मग त्यांनी ती कडेला घेतली, नवऱ्याचा चष्मा काढून पदरात बांधला, आणि गाडी परत फिरवली.

पुढं मी ठाण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगून विचारलं. झटका जबर होता, लगेच निघाले असते तरी उपयोग नव्हता, असं ते म्हणाले. मी ते वहिनींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "त्याच दिवशी तेल काढायची काय गरज होती," एवढंच म्हणाल्या. वर्षाच्या आत गाडी विकली गेली आणि त्या भावाकडं धसईला राहायला गेल्या.

वहिनींनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटची भेट धसईच्या बाजारात झाली. मी तेव्हा मुरबाडला नोकरी करत होतो. मला बसवर सोडायला त्या थांब्यापर्यंत आल्या. पावसाळ्याचे दिवस, दोन्ही बाजूंना लावणी झालेली भाताची हिरवीगार खाचरं. खाचरांकडे बघत त्या एकाएकी म्हणाल्या,

"सदाभाऊ, त्या दिवशी गाडीत ते माझ्या कानाशी बोलले. तुमाला ऐकू नसंल आलं. जरा हळू घे, म्हणाले, भात बघू दे."

बस येताना दिसत होती. मी विचारलं, "मग?"

"मी म्हटलं, येताना बघा."