पाचांपैकी चार चेहरे

बीडच्या स्टँडवर ओळखीचे डोळे फार, म्हणून आबांनी मला मांजरसुंब्याच्या फाट्यावरून पुण्याच्या गाडीत बसवलं. दुपार होती. ढाब्यासमोर ट्रक उभे होते. आबा, माझे वडील, त्या दिवशी मेंढरं शेजाऱ्याच्या ताब्यात देऊन आले होते. असं ते कधी करत नाहीत. गाडी येईपर्यंत ते एकच वाक्य परत परत बोलले, "तू काय बी बघितलं न्हाईस." चढताना मी वळून पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. आमच्या मागून कोणी आलंय का, हे बघत होते.

जे आपल्या गावातच, युसूफ वडगावात, राहिले त्यांनी ही हकिकत एका तऱ्हेने ऐकली आहे, जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांनी दुसऱ्या. म्हणून तुम्हा सगळ्या गावकऱ्यांसाठी क्रमाने लिहितो.

बीडला रशीदचाचांच्या फ्लेक्सच्या दुकानात मी डिझायनर होतो. चाचा मूळचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकची पाठ, सगळं ब्रशने. फ्लेक्सची मशीन घेतल्यावर पाट्यांचं काम संपलं, तरी सकाळी ते एखादं अक्षर रद्दीवर काढायचेच. माझ्याकडे वाढदिवसाचे बॅनर. व्हॉट्सॲपवर फोटो यायचा. चेहरा कडेकडेने कापायचा, दोन छटा उजळ करायचा, व्रण पुसायचे, गळ्यातली चेन पिवळीधमक करायची. वर साहेब, मधे वाढदिवसवाला, खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत कोणाचं डोकं केवढं, यावरून चौकात त्याचं वजन ठरतं.

एका बॅनरला ऐनवेळी एक फोटो वाढला. जागा करायला मी टोकाचा चेहरा लहान केला. स्क्रीनवर बोटभर, छापल्यावर वीतभर. त्याच्या शेजारी ज्याचा चेहरा होता, त्याच्याशी त्याचं उघड वैर होतं. शेजारी मोठाच राहिला. वैर मला माहीत होतं. घाईत माझ्या लक्षात आलं नाही.

सकाळी बॅनर लागला. अकरापर्यंत कोयत्याने फाडला गेला. दुपारी चारला पाच जण दुकानात आले.

"ह्यो कुणी बनवला बे?"

"मी," चाचा म्हणाले. "काय झालं भाई? बदलून देतो ना."

"मी बारका कावून हाय त्याच्यात?"

"जागा कमी पडली भाई."

तो हसला. "आसं व्हय? मंग तुझ्या हाताची बी जागा कमी करू."

दोघांनी चाचांना धरलं. तिसऱ्याने त्यांचा उजवा हात चौकटी ठोकायच्या टेबलावर दाबला. हातोडा आमचाच होता. पहिला घाव अंगठ्यावर पडला. चौथ्यानंतर चाचांचा आवाज बंद झाला, घाव चालू राहिले. फ्लेक्सचा कपडा रक्त पीत नाही. ते एका रेषेत कडेपर्यंत गेलं आणि तिथून ठिबकू लागलं. मी मशीनमागे उभा होतो. मशीन कोणी बंद केली नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर तिच्यातून बाहेर येत राहिला.

त्या पाचांपैकी चार चेहरे मी स्वतः कापले होते. हातोडा धरणाऱ्याच्या डाव्या कानाखाली आडवा व्रण आहे. तो मी तीन बॅनरांवर पुसला होता.

पोलिसांना मी सांगितलं, तोंडाला रुमाल होते, ओळखू आले नाहीत. चाचांनी शुद्धीवर आल्यावर नावं सांगितली. पण दुसरा साक्षीदार मी एकटाच, आणि मी काही पाहिलं नव्हतं. आरोपी जामिनावर सुटले. चाचांची तीन बोटं काढावी लागली.

पुण्यात मुलांची पुस्तकं करणाऱ्या एका स्टुडिओत काम मिळालं. माझे नमुने पाहून तिथल्या मुक्ता मॅडम म्हणाल्या, "हात स्वच्छ आहे तुझा. पण हे कोणीही काढलेलं असू शकतं. यात तू कुठे आहेस?" दोन वर्षं मी ते शोधलं. परदेशी चित्रकारांसारखे सपाट रंग लावून पाहिले, शाईचे फटकारे मारून पाहिले, टॅबलेट बाजूला ठेवून बोरू धरला. सगळं नीट यायचं आणि सगळं उसनं वाटायचं. चेहऱ्याशी आलो की हात थांबायचा. एका पुस्तकाची मुदत संपत आली तेव्हा मी चेहरे कोरेच ठेवून पानं दिली. मॅडमनी पानं एकेक करून उलटली. "हे तुझं आहे," त्या म्हणाल्या.

कोऱ्या चेहऱ्यांची माणसं ही माझी शैली झाली. लोक ती लांबून ओळखू लागले. एका कार्यक्रमात कारण विचारलं, तर मी म्हणालो, वाचकाने तिथे आपला चेहरा ठेवावा. टाळ्या पडल्या.

सहा वर्षांनी खटला उभा राहिला. मला समन्स आलं, आणि त्याच आठवड्यात चाचांचा फोन.

"काय आर्टिस्ट! नातीच्या पुस्तकात तुझं नाव बघितलं. लई भारी. पण माणसांची तोंडं कुठं गेली बे?"

"स्टाईल हाय चाचा ती."

"आसं का. मला वाटलं भ्यालास."

समन्सबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. मी आबांना फोन केला. ते म्हणाले, "तुला सांगितलंय म्या." मागून मायचा आवाज आला, "त्याला काय सांगताव? त्या चाचानं तुमच्या लेकाचा हात वाचवला." आबांनी फोन ठेवला.

बीडच्या कोर्टात आरोपींच्या वकिलाने माझा जुना जबाब वाचून दाखवला. तोंडं झाकलेली होती, मग आज ओळख कशी पटली? मी म्हणालो, जबाब खोटा होता, मी घाबरलो होतो. मग ज्यांचे चेहरे कापले होते त्या चौघांकडे एकेक करून बोट दाखवलं. कानाखालचा व्रण सांगितला. वकिलाने विचारलं, इतक्या वर्षांनी एवढं बारीक कसं आठवतं? म्हणालो, चेहरा कापताना कडेकडेने जावं लागतं, विसरता येत नाही. चाचा मागच्या बाकावर बसले होते.

तिसऱ्या दिवशी आबांच्या मेंढवाड्यात कोणी तरी शिरलं. नऊ मेंढरं कोयत्याने कापली आणि नेली नाहीत, तिथेच टाकली. आबांनी फोनवर रंगांवरून एकेक सांगितलं, ती काळी, ती कान दुमडलेली. मग म्हणाले, "तू हिकडं येऊ नको." शिवी दिली नाही. ती दिली असती तर बरं वाटलं असतं.

निकाल अजून लागायचा आहे. नव्या पुस्तकात मी चेहरे काढले. ते ओबडधोबड झाले, डोळे लहानमोठे, एकाचा कान चुकला. मॅडम म्हणाल्या, "हे तुझ्यासारखं नाही वाटत." मी ती पानं परत घेतली नाहीत.

तुम्ही विचारता, गावाकडे कधी येणार. आधी सहा वर्षं मी येत नव्हतो, कारण खोटं बोललो होतो. आता येता येत नाही, कारण खरं बोललो. अंतर तेवढंच आहे. पण आता गाव डोळ्यांसमोर आणलं की त्यात माणसं दिसतात, त्यांची नाकं, त्यांचे दात, आबांच्या कपाळावरची आडवी आठी. ती मी रोज थोडी थोडी काढतो. अजून जमलेली नाही.