सुनंदाताईचा खडा

सकाळची कंपनीची बस मोशीच्या पुलावर होती. इंद्रायणीवर इतकं दाट धुकं होतं, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. दापोडीला सुनंदाताई चढली नव्हती. रजा असेल, असं मी धरून चालले होते. तेवढ्यात तिच्या मिस्टरांचा फोन आला. "मंगलताई, सुनंदा उठलीच नाही ओ..." पहाटे झोपेतच तिचं हृदय थांबलं होतं. मी फोन तसाच कानाला धरून बसले आणि बस धुक्यातून चाकणकडे तरंगत राहिली. त्याला आता दीड महिना झाला.

गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर आम्ही दोघी वर्षानुवर्षं शेजारी उभ्या होतो. लाइन थांबायची नाही, बाथरूम शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि जागा सोडायची तर सुपरवायझरला विचारायचं. म्हणून आम्ही बायकांनी सोपा उपाय काढला होता... पाणीच प्यायचं नाही. सुनंदाताईची बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी जायची. कंबर दुखली की पट्टा घट्ट बांधून म्हणायची, "वय झालं गं." वय होतं एक्केचाळीस. एके दिवशी ती लाइनवरच कळवळून खाली बसली. तपासणीत मूतखडा निघाला, तोही साधा नाही. मूत्रपिंडात झाडासारख्या फांद्या फुटलेला.

तिच्या वडिलांचं खड्याचं ऑपरेशन तिनं लहानपणी पाहिलं होतं, बरगडीखालून पोटापर्यंत टाके. त्यामुळे ती नकोच म्हणत होती. डॉक्टर मॅडमनी स्वतःची करंगळी पुढे केली. "एवढंच छिद्र, पाठीतून. त्यातून दुर्बीण आत घालायची, खडा आतच फोडायचा आणि तुकडे बाहेर काढायचे." मग सहज विचारलं, "पाणी किती पिता?" मी सोबत होते. सुनंदाताईनं पर्समधली भरलेली बाटली काढून दाखवली.

शेवटी ती तयार झाली. ऑपरेशनसाठी छातीखालचं अंग बधिर करून तिला पालथं झोपवलं होतं. ती पूर्ण जागी होती. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तेव्हा पाठीतल्या नळीतून गुलाबीसर पाणी पिशवीत उतरत होतं आणि ती लांबच्या गावाहून परतल्यासारखी बोलत होती. "दुखलं नाही गं. नुसती टकटक. वाटलं, पाठीकडून कुणीतरी दार वाजवतंय... आणि मी आतून म्हणतेय, थांबा, येते. मग आई दिसली. हंडा घेऊन उंबऱ्यात उभी. नुसती बघत होती..." बोलता बोलताच तिचा डोळा लागला. दुपारचं ऊन तिच्या पायांवर येऊन बसलं होतं.

महिन्याभरानं ती कामावर आली ती थेट मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये. मलाही ओढून नेलं. आमची नोकरी कंत्राटी. तिनं पर्समधून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. तळाशी पिवळट-करडे तुकडे.

"साहेब, हा माल तुमच्या लाइनवर तयार झालाय."

साहेबांनी बाटली उचलून उजेडात धरली.

"आम्हाला पाणी प्यायचंय. आणि मग जायचंय. आमच्या जागेवर उभी राहायला एक जादा बाई द्या. दुसरं काही मागत नाही."

मग साहेब उठले, खुर्ची पुढे सरकवली आणि हळूच म्हणाले, "बसा आधी."

पंधरा दिवसांत लाइनला जादा बाई मिळाली. ती सुनंदाताईच. त्यानंतर पाच वर्षं ती दिवसभर लाइनवरून फिरत असायची. मागून येऊन खांद्यावर हात ठेवायची आणि हातातली वायर काढून घ्यायची. "जा. सावकाश ये." बाथरूमच्या खिडकीतून भामचंद्राचा डोंगर दिसतो, हे इतक्या वर्षांत मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. निळसर, झोपेत असल्यासारखा...

गेल्या आठवड्यात तिच्या जागी आरती नावाची बाई आली, दोन मुलांची आई. माझ्या मागे नुसतीच घुटमळत राहिली. "ताई, तुम्हाला जायचंय का?"

मी मान वळवली नाही. वळवली असती तर डोळे दिसले असते. म्हटलं, "विचारायचं नसतं गं. खांद्यावर हात ठेवायचा."

तिनं ठेवला... अगदी हलकाच. मी वायर तिच्या हातात दिली आणि सावकाश गेले.